तोरणमाळचा वाटाड्या आणि हॉटेलवाला

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याहून सकाळी तोरणमाळ या सातपुड्यातल्या गिरिस्थानाकडे निघणाऱ्या काळी-पिवळी जीपच्या टपावर काय काय चढते, हे एकदा उभे राहून पाहण्यासारखे आहे. बटाट्यांचे पोते, शेवेच्या मोठ्या पिशव्या, दोन भरलेली सिलिंडरे, पाण्याच्या बाटल्यांची खोकी, दुधाच्या पिशव्यांचा क्रेट. म्हसावद आणि राणीपूर मागे टाकून, सातपायरीचा घाट चढून हा सगळा माल सुमारे 1,150 मीटर उंचीवर पोहोचतो, पर्यटकाच्या ताटात शेवभाजी होऊन पडतो, आणि संध्याकाळी तीच गाडी रिकामी सिलिंडरे घेऊन खाली येते. वर खर्च झालेला पैसाही बहुतेक त्याच गाडीने खाली येतो. शेवभाजीत वाईट काहीच नाही, आम्हां खानदेशी माणसांना डोंगरावर गेल्यावरही तीच लागते. पण ज्या पाड्यांच्या मधोमध ती शिजते, त्या पाड्यांतली ज्वारी, भगर, आमचूर किंवा सीताफळ त्या ताटापर्यंत क्वचितच पोहोचते.

सातपुड्यात पर्यटन वाढावे की नाही, हा प्रश्न आता जवळजवळ निकाली निघालेला आहे, कारण ते वाढतेच आहे. पावसाळ्यात सीताखाईच्या कठड्यावर आणि यशवंत तलावाच्या काठावर सुट्टीच्या दिवशी उभे राहायला जागा नसते. प्रश्न उरतो तो या वाढीबरोबर डोंगरावर राहायला येणाऱ्या माणसांचा. नाशिक, पुणे, सुरत, जळगाव इकडची काही मंडळी तंबूंचे कॅम्प टाकायला, होम-स्टे चालवायला, ट्रेकिंगचे गट आणायला येऊ पाहत आहेत. त्यांच्याबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, कोणी का येईना, मागास भागात चार पैसे तर येतील. दुसरा म्हणतो, बाहेरच्यांना पायच ठेवू देऊ नका. मला हे दोन्ही सूर आळशी वाटतात. माणूस कुठून आला हे विचारण्यापेक्षा तो कोणाच्या जमिनीवर, कोणत्या अटीवर आणि वर्षातले किती महिने राहतो हे विचारायला हवे. आणि वाटाड्याचे काम व हॉटेलवाल्याचे काम या दोन गोष्टी वेगळ्या धरून विचारायला हवे.

बाहेरचा म्हणजे कोण, हे ठरवायला खानदेश ही फार अडचणीची जागा आहे. तापीकाठच्या निम्म्या जातींच्या घरांत आपण गुजरातेतून, माळव्यातून किंवा मारवाडातून आल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. डोंगरावरच्या पावरा समाजाच्या परंपरेतही पूर्वज मध्य प्रदेशातल्या मथवाडच्या बाजूने इकडे आल्याची आठवण आहे. डोंगर हा कधीच बंद दरवाजा नव्हता. पर्वतातल्या वाटाड्यांचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेतले तरी तेनसिंग नोर्गे हा काही दार्जिलिंगचा नव्हता. मोहिमांवर काम मिळावे म्हणून नेपाळातल्या खुंबूकडचे शेर्पा जसे दार्जिलिंगला येऊन राहिले, तसाच तोही तरुणपणी आला आणि 1954 मध्ये तिथे हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट निघाली तेव्हा पुढच्या पिढ्यांना गिर्यारोहण शिकवणारा झाला. त्याला कोणी उपरा म्हणत नाही. तेव्हा जन्मगावाच्या दाखल्यावर हा वाद सुटणार नाही.

तरीही वाटाड्याच्या कामाबाबत मी स्थानिकांच्या बाजूने हट्ट धरतो आणि त्याला कारण आहे. सातपुड्यात वाट दाखवणे आणि वाट राखणे ही नोकरी नव्हती, तो हक्क होता. घाटांतून जाणाऱ्या तांड्यांकडून भिल्ल नाईक वाटेचा हक्क घेत आणि त्या बदल्यात वाटेची जबाबदारीही त्यांच्याकडे असे. इंग्रजांनी हा हक्क मोडीत काढला आणि 1825 मध्ये जेम्स आउट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी करून त्याच माणसांना पगारी केले. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक 1857 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला आणि 1858 च्या एप्रिलात अंबापाणीची लढाई झाली, ती याच डोंगररांगेत. हा इतिहास आपण हुतात्म्यांच्या कार्यक्रमापुरता आठवतो. पण वाट ओळखणाऱ्या माणसाचा वाटेवर काही अधिकार असतो, हे त्या इतिहासातले साधे तत्त्व पर्यटनाची धोरणे लिहिताना कोणाला सुचत नाही.

युरोपात ते सुचले होते. आल्प्समधल्या शामोनी खोऱ्यात माँ ब्लाँवर 1820 मध्ये तीन वाटाडे हिमकड्याखाली गेले आणि पुढच्याच वर्षी, 1821 मध्ये, तिथल्या वाटाड्यांची संघटना स्थापन झाली. दर ठरवले गेले, मेलेल्यांच्या घरच्यांसाठी निधी झाला, आणि काम पाळीने मिळू लागले. म्हणजे आलेल्या पाहुण्याने आपल्या पसंतीचा वाटाडा निवडायचा नाही, ज्याची पाळी असेल तो जाणार. खोऱ्यात न जन्मलेल्या माणसाला या संघटनेत शंभरहून अधिक वर्षे प्रवेश नव्हता. पॅरिसमध्ये जन्मलेला रोजे फ्रिझों-रोश हा 1930 मध्ये आत घेतलेला पहिला बाहेरचा. इतका कडक सोवळेपणा मला पटत नाही आणि पाळीच्या पद्धतीत चांगल्या-वाईट वाटाड्यांची सरमिसळ होते हा आक्षेपही तेव्हापासूनचा आहे. पण शामोनी दरिद्री राहिले असे कोणी म्हणणार नाही. बाहेरच्याला दार उघडले, ते आतल्यांची संघटना शंभर वर्षे उभी राहिल्यावर, आणि किती उघडायचे हेही आतल्यांनीच ठरवले.

आपल्याकडे क्रम उलटा चालला आहे. सीताखाईजवळ मागे एकदा तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाला आम्ही बरोबर घेतले होते. आम्ही विचारल्याबरोबर त्याने पाठ केलेल्या हिंदीत सीतामाईची गोष्ट एका दमात सांगून टाकली, डोळे भलतीकडे लावून, शाळेत कविता म्हणतात तशी. मग आम्ही खाली उतरणाऱ्या पाऊलवाटेबद्दल विचारले, तेव्हा तो पहिल्यांदा थांबला, पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि अंगठ्याने एका दगडावरचे शेवाळ खरवडून दाखवत म्हणाला, ‘‘हा दगड सकाळी चालतो, दुपारनंतर नाही.’’ दुपारनंतर का नाही, तर वरून झिरपणारे पाणी त्या वेळी त्या बाजूला वळते. ही माहिती कोणत्याही नकाशात नाही आणि शनिवारी पुण्याहून गट घेऊन येणाऱ्या उमद्या ट्रेक लीडरकडेही नाही. त्या लीडरकडे दोर आहे, प्रथमोपचाराची पेटी आहे, घसरलेल्या माणसाला कसे उचलायचे याचे शिक्षण आहे, आणि हे ज्ञान त्या मुलाकडे नाही. राज्याचे 2021 चे साहसी पर्यटन धोरण नोंदणीची आणि प्रशिक्षणाची अट घालते, ते योग्यच आहे. अपघात झाल्यावर भावनेचा उपयोग नसतो. पण अटींचा परिणाम असा होतो की दोरवाला नोंदणीकृत ठरतो आणि दगडवाला त्याच्या हाताखाली ओझी वाहतो. खरे तर उलट व्हायला हवे. बाहेरून येऊन राहणाऱ्या तरबेज माणसाने पहिली तीन-चार वर्षे पाड्यावरच्या पोरांना दोर, गाठी, प्रथमोपचार शिकवावेत, त्याचे मानधन पर्यटन खात्याने द्यावे, आणि गटाचा म्होरक्या मात्र पाड्याचा असावा. हा माणूस तिथेच राहिला, पावरी बोलायला शिकला, पावसाळ्यात रस्ता बंद झाल्यावर खाली पळाला नाही, तर ग्रामसभेने त्याला आपल्या वाटाड्यांच्या यादीत घ्यावे. शामोनीला शंभर वर्षे लागली. आपल्याला दहा पुरावीत.

हॉटेलवाल्याचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण तिथे भांडवल लागते आणि भांडवल पाड्यावर नाही. भांडवल आले की जमीन मागते. नंदुरबार जिल्ह्यात जमीन हा शब्द उच्चारताना थोडे मागे पाहावे लागते. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याची 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, आणि याच पट्ट्यात शहाद्याच्या सपाटीवर कर्जापोटी, दारूपोटी आणि कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यापोटी आदिवासींच्या जमिनी इतक्या गेल्या की अंबरसिंग सुरतवंतींसारखा माणूस उभा राहिला आणि 1972 मध्ये श्रमिक संघटना निघाली. त्यानंतर, 1974 मध्ये, जमीन महसूल संहितेत कलम 36-अ आले आणि गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदाही झाला. या कलमानुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने द्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि त्यापलीकडच्या हस्तांतराला राज्य सरकारची मान्यता. ज्यांना हे कलम म्हणजे विकासातला अडथळा वाटते, त्यांनी त्या काळातल्या शहाद्याची गोष्ट एखाद्या म्हाताऱ्या सालदाराकडून ऐकावी.

कलम आहे म्हणून व्यवहार थांबतात असे नाही. सातबारा एकाच्या नावावर आणि गल्ला दुसऱ्याच्या हातात, ही पद्धत आपल्याकडे ढाब्यापासून पेट्रोल पंपापर्यंत सर्वांना ठाऊक आहे, आणि डोंगरावर ती अधिक सोपी असते, कारण तिथे विचारायला कोणी येत नाही. ज्याच्या नावावर परवाना आहे, तोच संध्याकाळी टेबले पुसत असतो. कागदोपत्री तो मालक असल्यामुळे उद्या कर थकला, इमारत बेकायदा ठरली किंवा कोणी पाण्यात बुडाले, तर नोटीस मात्र त्याला येते. ‘स्थानिकांना रोजगार’ हा शब्दप्रयोग मी पर्यटनाच्या प्रत्येक जाहीरनाम्यात वाचतो आणि प्रत्येक वेळी मला ते टेबल पुसणारे हात आठवतात. माथेरान 1850 मध्ये ठाण्याचे जिल्हाधिकारी मॅलेट यांनी शोधले, 1907 मध्ये तिथे छोटी रेल्वे गेली, मुंबईच्या धनिकांचे बंगले झाले, पुढे हॉटेले झाली. आणि माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला 2025 च्या ऑगस्टमध्ये सांगावे लागले. पावणेदोनशे वर्षे रोजगार होताच की.

आपल्या शेजारचे सापुतारा तर आणखी बोलके आहे. ते ज्या डांगात येते, त्या डांगचा कारभार एके काळी खानदेशच्या जिल्हाधिकाऱ्याकडून चालत असे, नंतर तो प्रदेश गुजरातेत गेला. तिथल्या पठारावर गिरिस्थान उभारताना मूळची आदिवासी कुटुंबे उठवून शेजारच्या नवागामला बसवली गेली. आज धुळ्या-नंदुरबारची माणसे सापुताऱ्याला जातात, तलावात नाव वल्हवतात, रोपवेत बसतात आणि परत येऊन ‘‘तोरणमाळचे असे का होत नाही?’’ म्हणून हळहळतात. हळहळणाऱ्यांत मीही होतो. तोरणमाळचे तसे झाले नाही ते कोणाच्या शहाणपणामुळे नव्हे, रस्ता वाईट होता म्हणून. आता रस्ता सुधारतो आहे, तेव्हा शहाणपणाचे काम रस्त्यावर सोपवून चालणार नाही.

मात्र जमीन स्थानिकाच्या नावावर राहिली की सगळे ठीक होते, या भ्रमातही राहू नये. हिमाचल प्रदेशात 1972 च्या कायद्याचे कलम 118 बाहेरच्याला शेतजमीन सहजी घेऊ देत नाही, त्यामुळे मनालीत हॉटेल स्थानिकाचे आणि ते वर्षाच्या ठेक्यावर चालवणारा दिल्ली-पंजाबचा, अशी रीत पडली. मालकी वाचली, नदी वाचली नाही. ठेक्याची रक्कम खोल्यांच्या संख्येवर ठरते म्हटल्यावर स्थानिक मालकांनीच मजल्यांवर मजले चढवले, बियासच्या पात्रापर्यंत बांधकामे नेली, आणि 2023 च्या जुलैमधल्या पुरात काय झाले ते सर्वांनी पाहिले. आदिवासी माणूस जन्मतःच निसर्गरक्षक असतो, हे शहरातल्या भाषणांत शोभते. पाड्यावरच्या माणसालाही चार खोल्या जास्त हव्या असतात आणि त्यात गैर काही नाही. म्हणून मर्यादा मालकीवर घातली तरी ती पाण्यावर आणि मजल्यांवरही घालावी लागेल. तोरणमाळच्या आसपासच्या पाड्यांवर मार्च उलटला की बायका झिऱ्यावर वाटीने पाणी भरतात. तिथे प्रत्येक खोलीला शॉवर देणारे हॉटेल कोणाच्याही नावावर असले तरी ते त्या झिऱ्यातूनच पाणी ओढणार.

पर्यटनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा वेगळाच आहे, आणि आश्चर्य म्हणजे तो ते मांडत नाहीत. अक्राणी-अक्कलकुवा या इथल्या डोंगरी तालुक्यांतला तरुण रिकामा बसलेला नाही. दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन तो बायकोपोरांसह गुजरातेत बारडोलीकडे उसाच्या तोडीला जातो आणि होळीला परततो. म्हणजे तोरणमाळला हिवाळ्याचा हंगाम जोरात असतो, तेव्हा वाट दाखवू शकणारा माणूस उसाच्या फडात असतो, आणि सीताखाईवर पाहुण्यांना सांभाळतात ती मागे राहिलेली पोरे. पर्यटनाची तुलना शेतीशी किंवा सरकारी नोकरीशी करण्यात अर्थ नाही. ती कोयत्याशी करायला हवी. वाटाड्याच्या कामातून, दोन खोल्यांच्या घरगुती मुक्कामातून एखाद्या कुटुंबाला दिवाळीच्या आधी उचलीइतकी रक्कम हातात मिळाली, तर ते कुटुंब जाणार नाही, पोर शाळेत राहील. हे हॉटेलात वेटरची जागा देऊन होत नाही, कारण वेटरचा पगार महिन्याच्या शेवटी मिळतो आणि घराला पैसा ऑक्टोबरात लागतो. डोंगरावर येऊन राहणाऱ्या व्यावसायिकाला मी एकच अट घालायची म्हटली तर हीच घालेन: हंगामाचे निम्मे पैसे दिवाळीपूर्वी द्या. मुकादमाला हे जमते, तर पन्नास तंबूंच्या मालकाला न जमण्यासारखे त्यात काय आहे?

हे सगळे स्वप्नरंजन नाही, याची एक खूण खानदेशातच आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने आपले सुमारे 1,100 एकर जंगल राखले, कुऱ्हाडबंदी केली, नियम मोडणाऱ्याला दंड लावला, आणि मग तिथे पाहायला लोक येऊ लागले. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाल्यावर तर येणाऱ्यांची रीघ वाढली. पावसाळ्यात तिथे रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा होते. गावातल्या बायका रानातून आणलेल्या भाज्या शिजवून मांडतात आणि पाहुणा ज्या पदार्थांचे नावही त्याने ऐकलेले नसते, ते पदार्थ त्यांच्या पंक्तीला बसून खातो. तिथे पाहुण्याने गावाच्या वेळेला यायचे, गावाचे खायचे आणि गावाच्या नियमात राहायचे. बारीपाड्याला गिरिस्थान म्हणत नाहीत, तिथे पॉइंट नाहीत, आणि तिथे जंगल आधी आले व पाहुणा नंतर. तोरणमाळला पाहुणा आधीच येऊन बसला आहे, त्यामुळे बारीपाडा जशाच्या तसा तिथे उचलून ठेवता येणार नाही हे मी मान्य करतो. पण जीपच्या टपावरून बटाटा येण्याऐवजी ताटात माठ-कुर्डूची भाजी आणि ज्वारीची भाकर पडणे, यात अशक्य असे काही नाही. आलेल्या हॉटेलवाल्याने आपल्या स्वयंपाकघरातला निम्मा माल पाड्यांतून घ्यावा, अशी अट भाडेपट्ट्यात लिहिता येते.

यावर एक रास्त आक्षेप येतो: पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आणि इतक्या अटींवर कोण शहाणा पैसा लावील? उत्तर असे की पक्के तीन मजले बांधणारा लावणार नाही, आणि तो न आलेलाच बरा. कुडाच्या भिंतींची, कौलारू, दोन-तीन खोल्यांची घरे दुरुस्त करून चालवणारा मात्र येईल, कारण त्याचे भांडवल पाच वर्षांत फिटते. यात पर्यटक कमी मावतील, पैसा हळू येईल, आणि आज ज्या तरुणाला महिन्याचा बांधीव पगार हवा आहे त्याला हे उत्तर अपुरे वाटेल. त्याची तक्रार खरी आहे, तिला माझ्याकडे गोड उत्तर नाही. एवढेच सांगता येते की त्याच्या आजोबांनीही घाईच्या गरजेपोटीच कागदावर अंगठा दिला होता.

शेवटी परवानगी कोणी द्यायची, यावर फारसा वाद नाही. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांसाठी झालेल्या 1996 च्या पेसा कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यात ग्रामसभेला अधिकार दिला आहे. वाद आहे तो ग्रामसभा कधी भरते यावर. 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर जी ग्रामसभा होते, तिच्यात अक्राणीच्या कित्येक पाड्यांवर म्हातारी माणसे, लहान पोरे आणि ग्रामसेवक एवढेच असतात, कारण बाकीचे उसात आहेत. हॉटेलाचा, कॅम्पचा किंवा भाडेपट्ट्याचा ठराव त्या दिवशी मांडला तर तो बिनविरोध मंजूर होईलच. वनहक्काच्या नियमांत निम्म्या सभासदांची हजेरी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया अशी अट आहे. पर्यटनाच्या प्रत्येक परवानगीला तीच अट लावावी, आणि असा ठराव होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) या दिवसांतच घ्यावा. काठी गावच्या होळीला बावा-बुध्याचे सोंग घेऊन नाचून घरी परतलेला माणूस तेव्हा पाड्यावर असतो, त्याची उचल फिटलेली असते, आणि समोर बसलेल्या हॉटेलवाल्याला पाण्याचे काय, हे विचारायला पाड्यावरच्या त्या माणसाच्या बायकोला नुकतेच झिऱ्यावरून यावे लागलेले असते.